पार्सल कसालात आसा

मिठबावच्या आनंदी तारीला वाट कशी बघावी हे कोणी शिकवायची गरज नव्हती. अठराव्या वर्षी ती काशीराम तारीची बायको होऊन आली आणि हळद उतरायच्या आत सासूने तिला पुळणीवर नेऊन उभी केली. "होडी येयसर हयसून हलायचा नाय," एवढंच सासू बोलली. पहाटे गेलेली होडी दुपारी येवो की तिन्हीसांजेला, ती येईपर्यंत घरातली बाई पाटी घेऊन किनाऱ्यावर हजर पाहिजे. माल वाळूला लागला की पहिली निवड तिची, पहिली एसटी तिची, गिऱ्हाइकाच्या दारात पहिली हाक तिची. जी घरी पाय पसरून बसली तिच्या पाटीत उरलंसुरलं.

आनंदीने चाळीस वर्षं हे इमानेइतबारे केलं. आधी ती शीड बघून होडी ओळखायची. पुढे शिडं गेली आणि इंजिनं आली, तेव्हा आवाजावरून ओळखायला लागली. एकदा वादळात होडी तीन दिवस आली नाही, तेव्हाही ती तिथेच. घरी चल, दोन घास खा म्हणणाऱ्या जावेला तिने अशा काही शिव्या दिल्या की ती बिचारी पुढची दोन वर्षं तिच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी काशीराम आला, गुडघाभर पाण्यात उतरला, बायकोकडे बघून म्हणाला, "भाकरी आसा?" आणि तिने फडक्यातली भाकरी त्याच्या हातात दिली.

आणखी एक नेम तिने कधी मोडला नव्हता. दर्यावर निघालेल्या माणसाला 'खंय जातास' असं विचारायचं नाही. विचारलं तर तो माणूस जाळं खाली टाकून घरी परत येईल आणि दिवसभर तुमच्या नावाने खडे फोडील. वाटेवर असलेल्याची चौकशी करायची नाही, तो येईल तेव्हा येईल. या नेमावर तिने नवऱ्याची वाट बघितली आणि मुलाचीही. मुलगा सुदेश मालवाहू जहाजावर खलाशी होता. त्याने पहिल्यांदा घरी पार्सल पाठवलं ते चाळीस दिवसांनी आलं, आणि त्या चाळीस दिवसांत आनंदीची एका रात्रीचीही झोप मोडली नव्हती. ते कुठे आहे हे कळायला मार्गच नव्हता, मग झोप कशाला मोडायची!

अशा बाईच्या हातात २००७ साली, दिवाळी होऊन आठ दिवस झाले असताना, एक नंबर आला.

तो नंबर होता काशीरामच्या कानाचा. तीस वर्षं इंजिनाला मांडी लावून बसलेला माणूस. आवाजाने त्याचे कान हळूहळू खाल्ले आणि तीन वर्षांपूर्वी पुरतेच बसले. बहिरा माणूस होडीवर नको, म्हणून पुतण्यांनी होडी घेतली. त्यात त्यांचंही चुकलं नव्हतं, मागून दुसरी होडी अंगावर आली तरी त्याला कळलं नसतं. तेव्हापासून काशीराम घरामागे माडाच्या बुंध्याशी बसून जाळी तुणायचा. कोणी आलं-गेलं तर मान हलवायचा. आनंदी मात्र जन्माची सवय म्हणून चुलीपुढून ओरडायचीच, "आयकलास? ओ, आयकलास काय?" आणि मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून उठायची आणि जाऊन त्याच्या खांद्याला हात लावायची.

सगळ्यात वाईट व्हायचं ते सुदेशच्या फोनच्या वेळी. जहाज बंदराला लागलं की दोन-अडीच महिन्यांतून एकदा त्याचा फोन यायचा. आईशी बोलून झालं की तो म्हणायचा, "आये, आता बाबांच्या कानाक लाव." आनंदी रिसीव्हर काशीरामच्या कानाला लावायची. सुदेश पलीकडे काय बोलायचा हे तिलाही कळायचं नाही, आणि ज्याच्या कानाला फोन होता त्याला तर नाहीच नाही. तो आपला अंदाजाने म्हणायचा, "बरा आसा, बरा आसा." पोराने तिकडे पाय मोडला म्हणून सांगितलं असतं तरी याचं "बरा आसा". गेल्या खेपेला मात्र काशीरामने रिसीव्हर हाताने बाजूला सारला. "माका नको," तो म्हणाला. "माडाक कान लावन बसल्यासारख्या वाटता." आनंदी त्या दिवशी भांडी घासताना रडली, आणि रडू कशाचं हे विचारायला आलेल्या शेजारणीला म्हणाली की कांदो कापलंय.

मुंबईत भांडुपला दिलेली मुलगी वर्षाली हुशार. गणपती झाल्यावर ती बापाला घेऊन गेली, डॉक्टरकडून कान तपासून घेतले, कानाच्या भोकाचा साचा काढवला, मशीन कशी घालायची, सेल कसा बदलायचा याचे धडे गिरवून घेतले. मशीन तयार व्हायला दीड-दोन महिने लागले. ती हातात आली सोमवारी, आणि सुदेशचा निरोप होता की जहाज रविवारी सकाळी सिंगापूरला असेल, अकराच्या सुमारास फोन करीन, मग तीन महिने नाही.

वर्षालीने त्याच सोमवारी मशीन कुरिअरला दिली आणि आईला फोन केला. "आये, रविवारच्या आदी पावतली. आणि नंबर लिवन घे. ह्या नंबरान पार्सल खंय आसा ता कंप्युटरार दिसता."

"लिवन कोण घेतला? बापूस मागे जाळ्यात आसा. तू बोल, मी ध्यानात ठेवतंय."

आनंदीला अक्षर येत नव्हतं, पण जामसंड्यातल्या कुठल्या घरात काय घेतात हे तिला तोंडपाठ होतं. नऊ आकडे तिने त्या घरांवर वाटून टाकले. चार, म्हणजे मास्तरणीचे चार बांगडे. शून्य, म्हणजे जोशांचं घर, तिथे मासळी चालतच नाही. सात सौंदाळे डॉक्टरांकडे. दोन तुकडे इसवणीचे, पुन्हा दोन सरंगे, आणि नऊ बांगडे त्या खटल्याच्या घरात जिथे नेहमी कमीच पडतात. मग पुन्हा एक शाकाहारी घर, एक, आणि शेवटी सहा. ४०७२२९०१६. बँकेतल्या माणसानेसुद्धा चूक केली असती, आनंदीने केली नाही.

मंगळवारी मासळी विकून झाल्यावर ती जामसंड्यातल्या संजनाच्या दुकानात शिरली. झेरॉक्सच्या दुकानाच्या मागच्या खोलीत संजनाने तीन कॉम्प्युटर मांडून इंटरनेट चालू केलं होतं. पंचविशीची पोर, तोंडाची फटकळ, आनंदीचं जुनं गिऱ्हाईक. आनंदीने पाटी दाराबाहेर ठेवली आणि बांगड्यांपासून सुरुवात करून नंबर सांगितला. संजनाने तो टाकला.

"काकी, काल सांजचे सात वाजान धा मिनटांनी भांडुपाक घेतल्यानी. आज सकाळी मुंबयसून सुटला."

आनंदीने पडद्याकडे बघितलं, मग संजनाकडे. "ह्या तुका कोणी सांगला?"

"कंपनीनच लिवन ठेवल्यान. कोणय बघू शकता."

आनंदीला ते काही पटलं नाही. "वाटेर आसलेल्याक खंय म्हणान इचारू नये गो," ती खालच्या आवाजात म्हणाली.

"काकी, ती मशीन आसा. होडी नाय."

"मशीन आसली म्हणान काय झाला? वाटेर आसा मा?"

असं म्हणून ती गेली. आणि चार वाजता परत आली! "इलंयच आसंय हयसर, म्हटला बघूया," असं काहीतरी पुटपुटत ती स्टुलावर बसली. बुधवारी सकाळी आली, दुपारी आली, एसटी सुटायच्या आधी पुन्हा आली. संजना पैसे घेईना, म्हणून ती दर खेपेला चार तारले ठेवून जायची. गुरुवारी संजनाच्या आईने निरोप धाडला की आता पुरे, घरात मांजरसुद्धा तारल्याकडे ढुंकून बघत नाही.

गंमत बघा. चाळीस वर्षं जिने दर्याला प्रश्न विचारला नाही, ती चार दिवसांत पार बदलून गेली. पार्सल कुठे आहे हे कळत होतं, म्हणून तर तिचा जीव थाऱ्यावर राहिना. बुधवारी संजना म्हणाली, "कोल्हापूर," तर आनंदी स्टुलावरून उठलीच.

"कोल्हापूर? शिरा पडो त्येंच्या तोंडार! माझ्या घोवाचो कान घाटार कित्याक नेल्यानी?"

"काकी, त्येंची गाडी तशीच येता. थयसून मगे खाली उतरता."

"आणि गुरवारीय कोल्हापूर? थय काय देवीच्या दर्शनाक बसलो कान?"

घरी काशीराम बघत होता की बायको जेवताना मध्येच थांबते आणि बोटांवर काही मोजते. एरवी संध्याकाळी पाटी धुऊन ती त्याच्याजवळ घटकाभर बसायची, जाळ्याचं एक टोक धरायची. या आठवड्यात तेही नाही. सगळा वेळ तोंडाने बांगडे आणि सौंदाळे. काय झालं विचारलं तर ती कानाला हात लावायची आणि डोंगराच्या दिशेने बोट करायची. काशीरामला एवढं कळलं की मशीन निघाली आहे.

शुक्रवारी सकाळी संजना हसतच म्हणाली, "काकी, तोंड गोड कर. पार्सल कसालात आसा."

कसाल! मुंबई-गोवा रस्त्यावरचा बाजार, आनंदीच्या आतेबहिणीचं गाव. तिथे आलं म्हणजे घाट उतरलं, जिल्ह्यात आलं, हाकेच्या अंतरावर आलं. ती दिवसभर एखादी लॉटरी लागल्यासारखी हिंडली. पण संध्याकाळीही कसालच. आणि मग तिच्या डोक्यात जे आलं ते मिठबावच्या पुळणीवर उभी राहिलेली कुठलीही बाई बोलली असती.

"मी उद्या कसालाक जातंय."

"कित्याक?" संजना खुर्चीतून वळली. "काकी, ते घराक आणून देतत. तू घराकच रव."

"माल किनाऱ्याक लागलो आणि मी घरात बसू? घराक आणून देतत तो उरलेलो आसता गो. माका नको शिकव."

"अगो, मासे नाय ते! काकांचा नाव लिवलेला आसा तेच्यार, दुसरो कोण नेतलो?"

"कोणीतरी नेतलो," आनंदी ठामपणे म्हणाली. "पुढे उबो रवता तेका पयला गावता."

शनिवारी पहिल्या एसटीने ती निघाली. पाटी नाही, अंगावर लग्नाकार्याचं हिरवं लुगडं. काशीरामला तिने कानाला हात लावून दाखवलं, डोंगराकडे बोट केलं, मग डोक्यावर बोट करून सूर्य माथ्यावर यायच्या आत परत येते असं सांगितलं. त्याने मान हलवली आणि तो मागच्या दारी जाळ्याकडे गेला. निघताना तिने पुढचं दार ओढून बाहेरून कडी घातली. कडी नसली की शेजारची गाय सरळ स्वयंपाकघरात जायची.

कणकवलीपर्यंत एक गाडी, तिथून कसालची दुसरी. टायरवाल्याच्या शेजारची कुरिअरची खोली शोधून ती दारात उभी राहिली तेव्हा अकरा वाजले होते. आतल्या माणसाला तिने नंबर सांगितला, या वेळी मास्तरणीला आणि जोशांना वगळून, नुसते आकडे, ऑफिसात बोलतात तसं शुद्ध बोलून.

त्याने वही बघितली. "मावशी, देवगडची पिशवी सकाळी सहालाच गेली की! आतापर्यंत तुमच्या घरी पोचलीसुद्धा असेल. तुम्ही एवढ्या लांब कशाला आलात?"

"आमच्याकडे अशीच पद्धत आहे," आनंदी म्हणाली. तोऱ्यात म्हणाली खरी, पण बाहेर येऊन ती थेट फोनकडे वळली. पलीकडच्या बूथवरून तिने संजनाच्या दुकानात फोन लावला.

"काकी, खंय आसंस तू?" संजना ओरडली. "कुरिअरवालो तुझ्या घराक जावन परत इलो. धा वाजता. दार बंद आसा म्हणान लिवल्यान!"

"दार बंद कसा? घरात मनीस आसा!"

आणि हे बोलता बोलताच तिच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. पुढच्या दाराला तिनेच घातलेली कडी. अंगणात उभा राहून हाका मारणारा कोणी परका माणूस. आणि घरामागे, वीस पावलांवर, माडाच्या बुंध्याशी पाठ करून जाळं तुणत बसलेला काशीराम. ऐकू यायची मशीन दाराशी आली होती, आणि ऐकू येत नाही म्हणून परत गेली.

"आता ता जामसंड्याच्या ऑफिसात रवतला," संजना सांगत होती. "आज पाचपर्यंत उगडा आसा. उद्या रविवार, बंद. सोमवारी परत येतलो."

सोमवारी! सोमवारी सुदेशचं जहाज भर दर्यात असणार. आनंदी बूथच्या पायरीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. कंपनीवर नाही, कोल्हापूरवर नाही, स्वतःवर चिडून रडली. आयुष्यात कधी नव्हे ते घरी बसायची वेळ होती, आणि हीच धावत सुटली होती. बूथवाल्याने पाण्याचा पेला पुढे केला. तिने तो घेतला, तोंड धुतलं आणि उठली.

कणकवलीला पोचेपर्यंत देवगडची गाडी सुटलेली. पुढची दीड तासाने, ती आली तर दारापर्यंत माणसं लटकलेली, कंडक्टरने घेतलं नाही. त्यापुढची मिळाली. जामसंड्याला ती उतरली तेव्हा सव्वापाच वाजले होते आणि कुरिअर ऑफिसचं शटर खाली होतं. तिने शटरवर दोनदा थाप मारली. आतून कोण बोलणार!

संजना तिची वाट बघत दुकानाच्या पायरीवरच उभी होती. "आदी हय बस. रडान काय करतलंस? आयक. दुपारी मी गेललंय ऑफिसात. तो परशुराम, कुरिअर वाटतो तो, तेका सांगलंय, म्हाताऱ्याक आयकाक येणा नाय, मागच्या दाराक जावन समोर उबो रव. तो म्हणता, एका दिवसात दुसरी खेप मारूचो नियम नाय. मी म्हटलंय, नियम गेलो खड्ड्यात. चार वाजता तो पार्सल घेवन गेलो. तेचा घर तुमच्याच बाजूक आसा, जाता जाता बघतंय म्हणालो."

"मगे दिल्यान?"

संजनाने आत जाऊन पडदा बघितला. "हय अजून 'दार बंद' असाच आसा. परशुराम आता सोमवारी येवन लिवतलो. तवसर कंप्युटराक काय म्हायत नाय."

"तुकाय म्हायत नाय?"

"माकाय नाय, काकी."

मिठबावच्या गाडीत आनंदीला खिडकी मिळाली. आठवडाभरात पहिल्यांदाच ती कुठे विचारायला जाऊ शकत नव्हती. पार्सल परशुरामच्या पिशवीत असेल, किंवा नसेल. तो वाट वाकडी करून गेला असेल, किंवा सरळ आपल्या घरी गेला असेल. भीती होतीच, पण त्या भीतीशी तिची चाळीस वर्षांची ओळख होती. तिने हात मांडीवर ठेवले आणि खाडी, माड, उतरतं ऊन बघत राहिली. कुणकेश्वरच्या फाट्यावर तिने देवळाच्या दिशेने हात जोडले. शेजारच्या बाईने मूठभर शेंगदाणे पुढे केले तेव्हा तिला आठवलं की सकाळपासून पोटात काही नाही.

मिठबावच्या तिठ्यावर गाडी थांबली तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. ती उतरायला लागली, तर खाली काशीराम उभा होता. अंगात बंडी, हातात जाळ्याची सुई तशीच. गाडीचं दार उघडायच्या आधीच तो दाराकडे तोंड करून उभा होता.

"खंय होतंस गो?" तो म्हणाला. नेहमीसारखा ओरडून नाही, हळू. "चार गाडये बघलंय. एकातय तू नाय."

आनंदीने त्याच्या डाव्या कानाकडे बघितलं. कानामागे करड्या रंगाचं, काजूच्या बीएवढं काहीतरी होतं. ती रस्त्यातच खाली बसली. मग तिने त्याला, मशीनला, परशुरामला आणि सगळ्या कुरिअर कंपन्यांना एकाच दमात मनसोक्त शिव्या दिल्या, आणि काशीराम तीन वर्षांत पहिल्यांदाच त्या शब्द न् शब्द ऐकत उभा राहिला.

घडलं होतं ते असं. दुपारचे बारा वाजले, बायको आली नाही. एक वाजला. काशीरामने भाताचं झाकण उघडलं आणि परत ठेवलं. दोन वाजता तो तिठ्यावर आला. कुठे गेली आहे हे त्याला नीट माहीत नव्हतं, कोणाला विचारावं तर उत्तर ऐकू येणार नाही. म्हणून तो नुसता उभा राहिला. गाडी आली की दाराकडे बघायचं, आणि गेली की पुढच्या गाडीसाठी थांबायचं. पाचच्या सुमारास परशुराम मोटरसायकलवरून काशीरामच्या घरी जाऊन आला होता, मागचं दारही बघून आला होता, तिथेही कोणी नाही. वैतागून परत निघाला, तर तिठ्यावर एक म्हातारा हातात जाळ्याची सुई घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा. दहा वेळा हॉर्न वाजवला तरी वळेना. तेव्हा परशुरामला संजनाचे शब्द आठवले. त्याने गाडी थांबवली, पिशवीतून खोका काढला आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांपुढे धरला. काशीराम चौथी शिकलेला. त्याने आपलं नाव वाचलं आणि छातीला हात लावला.

"पयला काय आयकलास?" घराकडे चालताना आनंदीने विचारलं.

"कावळो," काशीराम म्हणाला. "मगे समुद्राची गाज. आणि मगे तुझी गाडी. वळणाच्या पलीकडे होती, दिसाक नव्हती, तरी आयकली."

काशीराम मध्येच थांबला. "मी दर्यात आसताना तू असाच करी होतंस?"

"मगे? थय काय वारो खावक जाय होतंय?"

"माका म्हायत नाय गो. मी समाजलंय, तू मासळी घेवक उबी रवतंस."

आनंदीला हसू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. चाळीस वर्षं! तिने त्याच्या हातातली सुई काढून घेतली आणि पुढे चालायला लागली. घरी जाऊन दोघांनी दुपारचा थंड भात सोलकढी घालून खाल्ला, आणि काशीरामने तिला दोनदा सांगितलं की तू जेवताना फार आवाज करतंस.

रविवारी सकाळी आनंदीने दहा वाजल्यापासून फोनजवळ पाट टाकला. काशीरामने दाढी केली. कशासाठी ते त्यालाच ठाऊक, फोनमधून थोडीच दिसणार होती! अकरा वाजून बारा मिनिटांनी घंटा वाजली आणि काशीराम दचकून उठला.

सुदेशला मशीनबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. माल वाळूला लागायच्या आधी त्याची वाच्यता करायची नाही, हे आनंदीचं पहिल्यापासूनचं. आता सांगता आलं असतं, पण तिच्या मनात काय आलं कोण जाणे, ती नेहमीसारखंच बोलली. जेवलंस काय, थंडी आसा काय, परत कधी येतलंस. मग म्हणाली, "बाबांक देव?"

पलीकडे सुदेश जरा घुटमळला. "घेतले तर दी. गेल्या टायमाक नको म्हणाले."

"घेतत. थांब."

डॉक्टरने शिकवलं होतं तसा काशीरामने रिसीव्हर मशीनच्या बाजूला धरला. मशीनने एकदा शीळ घातली आणि ती गप्प झाली. आनंदीनेही आपलं डोकं त्याच्या डोक्याला टेकवलं. तीन वर्षं पोरगा बापाच्या कानात काय सांगतो हे तिला एकदा ऐकायचंच होतं. सुदेश जहाजावर बोलायच्या सवयीने मोठ्याने बोलत होता, तिला सगळं ऐकू आलं.

"बाबा, तुमका आयकाक येणा नाय, माका म्हायत आसा. तरीय दर खेपेक सांगतंय ताच सांगतंय. मी येयसर रवा. माझी वाट बघा. मी परत इलंय काय आपण नवी होडी घालूया, तुमी फकत बसान हुकूम सोडा. पण मी येयसर रवा."

काशीरामच्या तोंडाशी 'बरा आसा' तयार होतं. ते बाहेर पडलं नाही. आनंदीने त्याचा दंड घट्ट धरला. पलीकडे सुदेशने नेहमीइतकाच वेळ थांबून म्हटलं, "आये, घे फोन."

"आयकलंय रे," काशीराम म्हणाला. "रवतंय."

मग जहाजावरून, तीन वर्षांत कधी मारली नव्हती अशी, छप्पर उडेल एवढ्या जोराने हाक आली, "बाबा?"

"हळू बोल मेल्या," काशीरामने डोळे पुसले. "मी काय बहिरो आसंय?"